नववीचे विषय

गेल्या फाल्गुनात आमच्या घरी एक कागद आला आणि त्याने चार दिवस घरातील स्वास्थ्य हिरावून घेतले. कागद कोर्टाचा नव्हता, की प्राप्तिकराच्या कचेरीतूनही आलेला नव्हता. आमची धाकटी कन्या पुण्याच्या लष्कर भागातील एका कॅथलिक शाळेत शिकते. ती आठवी संपवून नववीत जाणार. तेव्हा पुढील दोन वर्षे तिने कोणते विषय घ्यावयाचे ते पालकांच्या सहीनिशी सोमवारपर्यंत लिहून द्यावे, एवढाच त्या कागदाचा आशय होता. तीन रिकाम्या चौकटी, आणि खाली सहीसाठी एक रेघ. महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यात आम्ही जवळजवळ तीस वर्षे घालविली आहेत. अभ्यासमंडळांवर बसून दुसऱ्यांच्या मुलांसाठी कितीतरी अभ्यासक्रम आखले आहेत, आणि खरे सांगावयाचे तर, पुढ्यातला चहा थंड होण्यापूर्वी आखले आहेत. परंतु या तीन चौकटींपुढे आमची लेखणी अडली.

शुक्रवारी सायंकाळी शाळेच्या सभागृहात पालकांची सभा भरली. मुख्याध्यापिका सिस्टरांनी सर्व व्यवस्था समजावून सांगितली. ही शाळा ज्या परीक्षेस मुले बसविते ती राज्याच्या मंडळाची नव्हे. १९५८ साली केंब्रिजच्या परीक्षासंस्थेच्या पुढाकाराने आपल्या देशात जे स्वतंत्र परीक्षामंडळ निघाले, त्याची ती दहावीची परीक्षा. लोक तिला आय.सी.एस.ई. या अक्षरांनी ओळखतात. तीत इंग्रजी, एक दुसरी भाषा, आणि इतिहास-नागरिकशास्त्र-भूगोल हे सर्वांस सक्तीचे. दुसऱ्या गटातून दोन विषय घ्यावयाचे. आमच्या शाळेने त्यांपैकी गणित सर्वांच्या माथी मारले आहे आणि जोडीस विज्ञान किंवा वाणिज्य यांतून एक निवडण्याची मुभा दिली आहे. तिसऱ्या गटात संगणक, चित्रकला, शारीरिक शिक्षण अशांपैकी एक. उत्तीर्ण होण्यास इंग्रजी धरून निदान पाच विषयांत शेकडा ३३ गुण पाहिजेत. आणि त्याखेरीज ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ नावाच्या सदरात शाळेने समाधानाची श्रेणी दिली पाहिजे. ती नसेल तर प्रमाणपत्र नाही.

या शेवटच्या सदराचे नाव निघताच मागल्या बाकांवर बसलेली मुले हसली. आमच्या कन्येने आम्हांस नंतर सांगितले की, त्या इंग्रजी आद्याक्षरांचा मुलांनी ‘काही उपयुक्त तास वाया’ असा अर्थ लाविला आहे. आम्हांस मात्र त्या वेळी दुसरेच काही आठवले. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्यास शिक्षणपरिषद बोलाविली आणि हाताच्या कामाभोवती सारे शिक्षण गुंफावे असा विचार मांडला; झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना केली. ती योजना देशात फारशी कोठे रुजली नाही. चाळीस वर्षांनी, १९७७ मध्ये, ईश्वरभाई पटेल समितीने तोच विचार नव्या नावाने शाळांपुढे ठेविला, आणि तेच हे सदर. वर्ध्याच्या आश्रमातले रोप पुण्याच्या लष्करात, इंग्रजी माध्यमाच्या कॅथलिक शाळेत, अनिवार्य अट म्हणून जिवंत राहावे आणि मुलांनी त्याची थट्टा करावी, यात मौज आहे खरी. त्याविषयी सभेत एकाही पालकाने प्रश्न विचारला नाही.

प्रश्न निघाले ते निराळे. कोणत्या विषयात गुण सैल हाताने मिळतात? वाणिज्य घेतले तर अकरावीस विज्ञानशाखा मिळेल काय? चित्रकलेस तपासनीस कडक असतात असे ऐकतो, ते खरे का? एका गृहस्थांनी नीतिशिक्षणाच्या तासाचे गुण कोठे धरले जातात ते विचारले. या शाळेत कॅथलिक मुली त्या तासाला आपल्या धर्मशिक्षणास जातात आणि इतर मुली नीतिशिक्षणाच्या वर्गात बसतात. संमतीवाचून कोणासही धर्मशिक्षणास बसविता येऊ नये, हे आपल्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदातच आहे. सिस्टर म्हणाल्या, “त्या विषयास गुण नाहीत, म्हणून तो कोणासही सोडता येत नाही.” सभा हसली. सिस्टर हसल्या नाहीत.

घरी आल्यावर खरा प्रसंग उभा राहिला. कन्येने तिसऱ्या चौकटीत चित्रकला हा विषय शाईने लिहूनही टाकिला होता. दुसरीत तिला वाणिज्य हवे होते, विज्ञान नको होते. पहिल्या चौकटीत, म्हणजे दुसऱ्या भाषेच्या, तिने पेन्सिलीने ‘हिंदी’ असे लिहिले होते. आमचे सारे लक्ष मधल्या चौकटीवर. “विज्ञान घे,” आम्ही म्हणालो, “पुढे डॉक्टर हो की नको होऊ, पण दारे उघडी राहतात.”

हे वाक्य आमच्या तोंडून निघाले मात्र, आणि आम्हीच दचकलो. चाळीस वर्षांपूर्वी, १९८६ च्या उन्हाळ्यात, आमच्या वडिलांनी नेमके हेच वाक्य आम्हांस ऐकविले होते. वडील अकरावीची मॅट्रिक झालेले, जिल्हा परिषदेत कारकून. मुलाला दहावीस बरे गुण पडले म्हणजे त्याने विज्ञानशाखेस जावयाचे, याबद्दल त्यांच्या मनात संशय नव्हता. आम्ही गेलो. दोन वर्षे एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लंबक मोजले, एकदाही त्यांचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, आणि बारावीस पदार्थविज्ञानात आम्ही नापास झालो. ते वर्ष आम्ही घराच्या माडीवर कादंबऱ्या वाचून काढले. पुढे कलाशाखेस गेलो आणि तेथे आमचे भले झाले. आमच्या शिक्षणाच्या वाड्यास दारे पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बहुतेक एकाच बाजूस उघडतात: विज्ञानाकडून कलेकडे किंवा वाणिज्याकडे येता येते, उलट जाता येत नाही. म्हणून शहाणे पालक मुलास आधी विज्ञानाच्या दालनात लोटतात. तेथून बाहेर पडता येते हा त्यांचा हिशेब बरोबर असतो. बाहेर पडताना काय किंमत पडते ती त्या हिशेबात धरलेली नसते. हे सारे ज्याने भोगले त्यानेच पुन्हा तेच वाक्य उच्चारावे!

चौदा वर्षांच्या मुलाने विषय निवडावे की वडीलधाऱ्यांनी, हा वाद मात्र आमच्या घरातच निघालेला नाही. जेसुइटांनी १५९९ साली आपल्या शाळांकरिता जी अभ्यासपद्धती ठरविली तीत निवडीस जागाच नव्हती: आधी व्याकरण, मग साहित्य, मग वक्तृत्व, त्यापुढे तत्त्वज्ञान, सर्वांस एकच जिना. तीनशे वर्षांनी हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी या न बदलणाऱ्या जिन्यावर टीका केली. विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडावे, या मताचे ते मोठे पुरस्कर्ते होते. टिमथी ब्रॉस्नहन नावाच्या जेसुइटाने १९०० साली त्यांस खरमरीत उत्तर दिले. दोन्ही बाजू आम्ही पूर्वी वाचल्या होत्या आणि वर्गात एलियटांच्या बाजूने बोललोही होतो. त्या शुक्रवारी रात्री मात्र ब्रॉस्नहनचे म्हणणे आम्हांस बरेच सयुक्तिक वाटू लागले. बापाच्या खुर्चीतून जग वेगळे दिसते.

या गोंधळात आमच्या मातोश्रींनी भर घातली. नातीची रास मीन. तिला साडेसाती चालू आहे. विषयाचा घोळ त्यामुळेच, तेव्हा शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल वाहावे आणि मग सही करावी, असा त्यांचा निर्णय झाला. आमचे आजोळ सोनईजवळचे, नेवासे तालुक्यातले. शिंगणापूर तेथून हाकेच्या अंतरावर. साडेसातीवर आमचा विश्वास नाही. परंतु आईशी वाद घालण्यापेक्षा लांबची रपेट बरी, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहो.

पहाटे निघालो. नगर मागे पडले. आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. मातोश्रींच्या तोंडी मात्र नगरच. घोडेगावाहून आत वळल्यावर दुतर्फा ऊस आणि रसवंत्या लागल्या. शनिवार असल्यामुळे गर्दी उसळलेली. उघड्या चौथऱ्यावर पुरुषभर उंचीची ती काळी शिळा, वर छप्पर नाही, भिंत नाही. ऊन, पाऊस आणि तेल तिच्यावर सारखेच पडते. मातोश्रींनी खालूनच हात जोडले. स्त्रियांस त्या चौथऱ्यावर जाण्याची मोकळीक मिळाली ती २०१६ च्या गुढीपाडव्यास, न्यायालयाच्या निकालानंतर आणि पुष्कळ आंदोलनानंतर. कन्येने विचारले, “आजी, तुला लहानपणी वर जावेसे वाटले नाही?” मातोश्री म्हणाल्या, “वाटले असेल. कोणी विचारले नाही.” आणि त्या चपला शोधू लागल्या.

दर्शनानंतर आम्ही कन्येला गावातली गल्ली दाखविली. येथल्या घरांना दारे नसतात, हे तिने ऐकले होते. खरे वाटले नव्हते. या गावात चोरी करील त्यास शनिदेव शासन करतो अशी श्रद्धा, म्हणून कडी नाही, कुलूप नाही. २०११ साली येथे एका सरकारी बँकेने कुलपावाचून शाखा उघडली, त्याची वृत्तपत्रांत बरीच वार्ता झाली. तिला काचेचे दार आहे म्हणतात, ते कुत्रीमांजरे आत येऊ नयेत एवढ्यापुरते. अलीकडे कोठे पडदा लागला आहे, कोठे फळी आडवी लावितात. तरी जुन्या घरांचे उंबरे मोकळेच. एका घरापुढे एक म्हातारी ज्वारी पाखडीत होती. तिच्यामागे घराच्या आतली चूल, दोरीवरचे कपडे, भिंतीवरचा कोणाचा तरी हार घातलेला फोटो, सारे रस्त्यावरून दिसत होते. कन्या बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बाबा, ह्यांच्याकडे नुसत्याच चौकटी आहेत.”

म्हातारीने हाक मारून विचारले, “कुठनं आलात?” आमच्या मातोश्री पुढे झाल्या, आणि पाच मिनिटांत दोघींनी कोणाची कोण ते जुळविले. मातोश्रींची बोली तेथे पाहता पाहता बदलली. पुण्यात जी चाळीस वर्षे दबून राहिली ती नेवाश्याकडची भाषा मोकळी झाली. म्हातारीने कन्येलाही काही विचारले. कन्येला ते समजले नाही. तिने आमच्याकडे पाहिले आणि इंग्रजीत विचारले, “त्या काय म्हणाल्या?” म्हातारीने इतकेच विचारले होते की, पोरी, कितवीत आहेस, आणि काय काय शिकतेस. आम्ही उत्तर दिले. म्हातारीने मान डोलाविली, आणि मग मातोश्रींकडे वळून, जरा हळू आवाजात, “नातीला आपलं बोलणं येत नाही व्हय?” असे विचारले.

आम्ही मधल्या चौकटीकडे पाहत बसलो होतो आणि पहिल्या चौकटीवर आमची दृष्टी गेली नव्हती, हे आम्हांस त्या उंबऱ्यापुढे उभे राहून कळले. हिंदीत गुण बरे पडतात, मैत्रिणी हिंदीच घेणार, शिकवणीस एकत्र जाता येईल, असे सभेत कोणी म्हणाले होते आणि आम्ही मान हलविली होती. २०२० च्या कायद्याने या राज्यात कोणत्याही मंडळाची शाळा असो, मराठी पहिलीपासून दहावीपर्यंत शिकविणे सक्तीचे केले आहे. तेव्हा मराठीचा तास कन्येला चुकत नव्हताच. परंतु तास बसणे निराळे आणि मोजला जाणे निराळे. २०२३ मध्ये सरकारनेच एका तुकडीपुरती अशी सवलत दिली की, इतर मंडळांच्या शाळांतून मराठीस केवळ श्रेणी द्यावी, गुण एकूण बेरजेत धरू नयेत. ज्याचे गुण बेरजेत नाहीत तो विषय मुले कसा शिकतात, हे तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला कोणी सांगावयास नको. सिस्टरांचे वाक्य नीतिशिक्षणास शोभले. व्याकरणास ते लागू पडत नाही.

यात शाळेचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. कॅथलिक शाळा म्हणजे मराठीची वैरीण, असे मानणाऱ्यांस या जिल्ह्यातच उत्तर आहे. संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय जेसुइटांचे, आणि तेथे मराठीत शिकलेल्या मुलांच्या पिढ्या झाल्या आहेत. हरेगावास सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेस जे हजारो लोक जमतात त्यांची प्रार्थना आणि भांडणे दोन्ही मराठीत होतात. वसईकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि त्या सर्वांच्या आधी फादर स्टीफन्स. हा इंग्रज जेसुइट १५७९ मध्ये गोव्यास उतरला, आपली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या. परक्या देशाचा माणूस मोठेपणी आमची भाषा शिकून तीत पुराण रचतो, आणि मराठी प्राध्यापकाची मुलगी ती ‘अवघड जाते’ म्हणून सोडते. दोष असेल तर तो ज्या घरात इंग्रजी कादंबऱ्यांची चार कपाटे आहेत आणि मुलीच्या उशाशी मराठी पुस्तक कधी ठेविले गेले नाही, त्या घराचा. आम्हीच तिच्याशी ती तीन वर्षांची असल्यापासून इंग्रजीत बोलत आलो. शाळेत जड जाऊ नये, म्हणून. दारे उघडी राहावी, म्हणून.

परत फिरण्यापूर्वी मातोश्रींनी नेवाश्यास चलण्याचा हट्ट धरिला. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरचे आपले निरूपण सांगितले असे मानितात, तो खांब तेथे आहे. लोक त्याला पैस म्हणतात. मंदिरात कोणी वारकरी ओव्या म्हणत होता. आम्ही खांबापाशी बसून कन्येला स्टीफन्सची हकीकत सांगितली. तोही ओवीच लिहीत होता हे सांगितले. तिने लक्षपूर्वक ऐकले. आमच्या मनात आले, आता ही म्हणेल की मी मराठी घेते. ती म्हणाली, “बाबा, त्याला कोणी परीक्षेला बसविले नव्हते.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

गाडीत बसल्यावर ती पुन्हा बोलू लागली. मराठी तिला नकोशी नव्हती. तिला भीती वाटत होती. घरात आजी बोलते ती एक मराठी, पुस्तकात असते ती दुसरी, आणि आम्ही मासिकांतून लिहितो ती तिसरी. यांपैकी एकही आपली नाही असे तिला वाटे. ३३ गुण पडतील. परंतु वर्गात सर्वांत कमी पडतील, आणि आडनाव मराठी असल्यामुळे ते अधिक लाजिरवाणे होईल. “तुम्ही शिकविणार आहात का?” तिने विचारले. आम्ही लगेच ‘हो’ म्हणालो. तिने आमच्याकडे असे पाहिले की, सुट्टीत पोहणे शिकविण्याचे, दुर्बीण आणण्याचे आणि इतर कित्येक ‘हो’ आमच्या डोळ्यांपुढून गेले. शिरूर येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

रविवारी रात्री आम्ही कागदावर सही केली. मधल्या चौकटीत तिने स्वतःच ‘विज्ञान’ लिहिले होते. कारण विचारता म्हणाली, चित्रकला मिळाली आहे, आणि बेडकाची चित्रे काढावयास मिळतील. आमच्या तत्त्वज्ञानाचा त्या निर्णयाशी काही संबंध नव्हता. पहिल्या चौकटीतील ‘हिंदी’ खोडरबराने पुसलेले होते आणि जागा रिकामी होती. आम्ही काही विचारले नाही. रिकाम्या चौकटीखाली सही करू नये असे आम्ही विद्यार्थ्यांस आणि बँकेत जाणाऱ्या भावंडांस नेहमी बजावीत आलो आहो, तरीही केली.

जूनमध्ये पुस्तकांची यादी घेऊन अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने नववीचा गठ्ठा काढता काढता वर न पाहता विचारले, “दुसरी भाषा हिंदी की मराठी?” आम्ही कन्येकडे पाहिले. ती म्हणाली, “मराठी. आणि एक शब्दकोश.”

तेव्हापासून आठवड्यातील चार संध्याकाळी आम्ही घरी असतो. निदान तीन. शिकविण्याचे काम बहुतेक मातोश्रीच करितात. आम्ही समास सांगतो आणि त्या अर्थ सांगतात. पहिल्या चाचणीत कन्येला वीसांपैकी नऊ गुण पडले. पेपर घरी आला तेव्हा मातोश्रींनी चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला, तपासणाऱ्या बाईंच्या नजरेतून निसटलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका पेन्सिलीने दाखविल्या, आणि गुण नऊ नसून आठ पाहिजेत असे सांगितले. कन्येने भांडून साडेआठ करून घेतले.